काकांच्या हृदयासाठी जप

बायकोच्या गर्भाशयाचं ऑपरेशन लातूरला ठरलं तेव्हा घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एकच ओळ टाकली. कोणतं ऑपरेशन, कोणत्या दिवशी. दवाखान्याचा पत्ता टाकला नाही. विचारेल त्याला सांगू म्हटलं. कोणी विचारला नाही. जोडलेले हात मात्र इतके आले की माझी ओळ मलाच वर सरकून शोधावी लागली.

संध्याकाळी पुण्याच्या चुलतभावाचा संकल्प आला. आमच्यात ही आता रीतच झाली आहे. कोणी आजारी पडलं की सामूहिक जप. ज्याने त्याने घरी जप करून ग्रुपवर आकडा लिहायचा आणि भावाने बेरीज करत सव्वा लाख गाठायचा. मजकूर लांबलचक होता. माझी उभी नोकरी बिलं तपासण्यात गेली, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय माझ्या हातून सुटत नाही. शेवटाकडे लिहिलं होतं : ‘आमच्या पूज्य काकांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेस यश लाभो.’

काका दिवाळीआधीच वारले. त्यांच्या वेळचा मजकूर भावाने तारीख बदलून तसाच चिकटवला होता. त्याखाली सगळं घराणं हात जोडत होतं.

सकाळी मी त्याला फोन केला.

“गडबडीत राहिलं असेल, दादा. भावना महत्त्वाची. देवाला कळतंच की.”

“देवाला कळतं तर लिहितोस कशाला?”

“तुम्ही पण ना! वहिनींच्या वेळी तरी ऑडिट नको. आणि आता मधेच बदललं तर झालेला जप कुठं धरायचा? बावीस हजार झालाय.”

“एका रात्रीत?”

“आत्यानं फोनवर लावून ठेवला होता ना. रात्रभर चालला. तोही धरलाय मी,” तो कौतुकाने म्हणाला.

म्हणजे आत्या झोपली होती आणि तिचा फोन वारलेल्या माणसाच्या हृदयासाठी जप करत होता.

माझी बायको बिलोली तालुक्यातली. तिच्या माहेरी कोणावर वेळ आली की घरातली बाई देवीपुढे पदर पसरायची. मंत्र नाही, पोथी नाही. पदराची दोन्ही टोकं हातात धरून झोळी करायची आणि शेजारणीशी बोलावं तसं मोठ्याने मागायचं. माझी सासू तर देवीशी भांडायची. “माझं लेकरू तापानं फणफणून राहिलंय अन् तू शेंदूर लावून बसलीस व्हय?” हे मी स्वतः ऐकलेलं आहे. लेकरू म्हणजे माझी बायको. तेव्हा तिला दोन मुलं होती. सासूला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

लातूरला दाखल केलं त्या दुपारी बायको खाटेवर पडून फोन बघत होती. तिने तेवढं खालपर्यंत वाचू नये असं मला वाटत होतं. तिने वाचलं होतं.

“काकांच्या हृदयासाठी करून राहिलेत सगळे,” ती म्हणाली.

“चुकून राहिलंय ते.”

“हाव.” तिने फोन पालथा ठेवला. “काकांसाठी बी सव्वा लाख झाला होता न्हाई?”

मी तिच्या पायांवर चादर ओढली.

“आई असती तर पदर पसरली असती,” ती म्हणाली.

“तुझ्या बहिणीला सांगू का? गावातच आहे. देवळात जाऊन येईल.”

“तिला मी कालच सांगितलं. हाव हाव म्हणली अन् सकाळी देवीचा फोटो पाठवला. फोटोत घट बसलेत. आता वैशाखात कुठले आले घट?”

ती भिंतीकडे वळली. “कोणी एकानं नाव घेऊन मागितलं असतं तर भ्याव कमी झालं असतं. लई नको. एकानं.”

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. मी खाली आलो. औषधांच्या खिडकीशेजारी काचेच्या कपाटात गणपती होता, गळ्यात प्लास्टिकचा हार, भोवती लुकलुकणारे दिवे. मला मागायची सवय नाही. घरी आरतीला मी फक्त टाळ्या वाजवतो. पदर नव्हता, म्हणून खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांत धरून पसरला. तिचं नाव सांगितलं, वय सांगितलं, दुसरा मजला, खाट नंबर चौदा, गर्भाशय. हिला परत आण, म्हणालो. ते अगदी अर्जासारखं झालं. म्हणून पुढे म्हणालो, ही नसली तर मला घरात काडेपेटीसुद्धा सापडत नाही. हे जरा मोठ्यानेच झालं.

“काका, जरा बाजूला होऊन मागा,” रांगेतली एक बाई म्हणाली, “आमच्या गोळ्या राहून राहिल्यात.”

मी बाजूला झालो आणि राहिलेलं मागितलं.

ऑपरेशन नीट झालं. ग्रुपवर भावाने फुलं आणि दिवे टाकून ‘संकल्प सफल’ जाहीर केलं आणि मजकूरही आत्ता दुरुस्त केला : ‘आमच्या वहिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेस यश लाभो.’ जपाची ताकद बघा, असं जो तो एकमेकांना सांगत होता. आत्याचा मात्र फोन आला. शेवटच्या रात्रीचा तिचा आकडा बेरजेत राहिला होता, तेवढं भावाला सांग म्हणाली.

बायको नीट बोलायला लागली तेव्हा तिने पहिलं तेच विचारलं. “कोणी मागितलं का मग?”

“मी.”

“तुम्ही? काय म्हणलात?”

मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि टाक्यांवर हात दाबून धरला.

“आव, देवाला खाट नंबर कशाला?”

“काकांकडे जाऊ नये म्हणून.”

नांदेडला परतून महिना झाला होता. चुलतबहिणीचे यजमान, नायगावचे दाजी, मोटारसायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. तासाभरात भावाचा संकल्प आला. मी वाचला आणि फोन बायकोपुढे धरला. ‘आमच्या वहिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेस...’ खाली हात जोडले जात होते.

“ते तर काढून टाकलं डॉक्टरनं,” ती म्हणाली. “जे राहिलंच न्हाई त्याच्यासाठीच मागून राहिलेत हे लोक.”

ती हसली नाही. हळूहळू उठून देवघरापुढे गेली. वाकायला मनाई होती, म्हणून उभ्यानेच पदर हातात घेतला.

“दाजींचं वय किती? अन् खाट नंबर विचारा.”

मी चुलतबहिणीला फोन लावला.

“खाट कुठली, दादा?” ती म्हणाली. “नायगावच्याच दवाखान्यात सकाळपासून बाकड्यावर हायत. कोणी काही सांगून न्हाई राहिलं. तुमचाच पहिला फोन.”

“बाकड्यावर आहेत,” मी बायकोला सांगितलं.

तिने तसंच देवाला सांगितलं. मी बूट घातले आणि नायगावला निघालो. ग्रुपवर तोवर नऊ हजार झाले होते.