खांबावरचं इरलं

अंधार हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. हे वाक्य मी बरेच दिवस मनात घासूनपुसून तयार केलं होतं, आणि ग्रामसभेत उभी राहून म्हटलं तेव्हा वीज गेलेली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "मिळाला की हक्क. बसा आता काकू."

मी बसले नाही.

प्रकरण आमच्या घरासमोरच्या खांबाचं होतं. कोळवणच्या खोऱ्यात आमचं घर रस्त्याच्या वळणावर आहे. वळणावर खांब, त्याच्या मागे आमची ओटी आणि ओटीला लागून चुलतदिराचं भातखाचर. खांबावर पूर्वी एक पिवळा बल्ब होता. उजेड देण्यापेक्षा किडे गोळा करण्याचं काम तो अधिक निष्ठेने करी. गेल्या उन्हाळ्यात तो गेला आणि एलईडी आला. उद्घाटन भर दुपारी झालं. पाहुण्यांनी बटण दाबलं, सगळ्यांनी माना वर केल्या, दिवा लागला की नाही ते उन्हात कुणालाच कळलं नाही, तरी टाळ्या वाजल्या.

आम्हाला संध्याकाळी कळलं. पांढराफेक, निळसर झाक असलेला उजेड थेट ओटीवर येत होता, आणि ओटीवर आमच्या यजमानांची खाट होती.

यजमान एसटीत ड्रायव्हर होते. ताम्हिणीच्या घाटात समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर घेत त्यांची नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात. यांनी फक्त झोपायचं ठरवलं होतं. ओटीवर, मोकळ्या हवेत, अंधारात. एवढी एकच योजना, आणि तीही पंचायतीने हाणून पाडली.

पावसाळा लागेपर्यंत माणूस ओढलेला दिसायला लागला. जेवताना डुलकी, एरवी चिडचिड. पौडच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि विचारलं, "झोप लागते का?"

"दिवस मावळतच न्हाई, तर झोपू कवा?" यजमान म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि समजावून सांगितलं की, शरीराला घड्याळ वाचता येत नाही, ते उजेडावरून वेळ ठरवतं. पांढरा-निळसर उजेड डोळ्यांवर पडत राहिला की शरीर समजतं अजून दिवस आहे, आणि झोप आणणारा रस पाझरायचा थांबतो. असंच चालू राहिलं तर गोळ्या वाढतच जातील, असंही म्हणाले. पडदा लावा म्हणाले.

पडदा लावला. म्हणजे ताडपत्री बांधली. वारा बंद झाला आणि यजमान घामाने निथळले. आत झोपा म्हटलं तर, "आत कोंडल्यावानी हुतंय." मग त्यांनी तोंडावर पांढरं उपरणं घेतलं. सकाळी दूध घेऊन आलेले चुलतदीर ते पाहून पायरीवरच थबकले आणि चपला काढून हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, कवा झालं?"

"अजून जित्ता हाय," उपरण्याखालून उत्तर आलं.

दोष दिव्याचाच, हे मीही लगेच मानलं नव्हतं. माणूस दिवेलागणीनंतर दोनदा चहा पितो. पण श्रावणात झाड पडून तारा तुटल्या आणि आठवडाभर वीज नव्हती. अख्खं गाव वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होतं. यजमान मात्र चहा पिऊनही असे झोपले की सकाळी खाटेच्या काठावर कावळा येऊन बसला तरी हलले नाहीत. वीज आली तशी पोरं "आली, आली" ओरडली आणि हे उठून बसले. माझी खात्री पटली.

मी सरपंचांकडे गेले. मुलगा भला आहे, पण अनुभव एकाच दिशेचा.

"काकू, लाईट न्हाई म्हणून तक्रार येती. लाईट हाय म्हणून माझ्या जल्मात आली न्हाई. बंद केला तर बाया मला फाडून खातील."

खरंच होतं ते. कंपनीच्या बसमधून उतरून अंधारात चालत येणाऱ्या बायकांनी मला स्वच्छ सांगितलं, की त्या वळणावर आता साप दिसतो आणि सापापेक्षा वाईट माणूसही वेळीच दिसतो. दिवा हवाच होता. म्हणून मी मागणी बदलली: दिव्याला मागून आडोसा करा. उजेड रस्त्यावर पडू दे, ओटीवर नको.

"दिव्याला टोपी?" सरपंच म्हणाले. "पाव्हण्यांनी लावलेला दिवा झाकला तर त्यांस्नी काय वाटंल?"

पाहुण्यांना काय वाटेल याचा विचार करायला मला वेळ नव्हता; यजमानांची गोळी आणखी एकदा वाढली होती. मी दर सभेला जात राहिले. मी दिसले की कुणीतरी ओरडे, "काकू आल्या, लाईट घालवा!" मी पहिल्या ओळीत बसे आणि आडोशाची मागणी पुन्हा मांडे, मूलभूत हक्क वगळून.

दसरा जवळ आला तसा खोऱ्यात आंबेमोहर निसवला. सगळीकडे लोंब्या बाहेर आल्या. एका सकाळी चुलतदीर बांधावर कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांचं सगळं खाचर निसवलं होतं, फक्त दिव्याच्या उजेडातला तुकडा हिरवागार, लोंबी पानाच्या आवरणात, पोटरीतच अडकलेली.

"रोग न्हाई, खत कमी न्हाई. मंग ह्याला झालंय काय, वहिनी?"

"दिवस लहान झाले की आंबेमोहर निसवतो," मी म्हटलं. "इथे दिवस लहान झालाच नाही. यांचंही तेच झालंय."

"दादाचं सोडा," ते म्हणाले. "दादा माणूस हाय, काढंल कसं बी. पन भात?"

ते तरातरा घरी गेले आणि माळ्यावरून जुनं इरलं काढून आणलं. लावणीच्या पावसात बाया डोक्यावरून पाठीवर घेत ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. वायरमनला चहा पाजला आणि ते दिव्याच्या मागे बांधून घेतलं. रस्ता लख्ख राहिला, खाचर आणि ओटी काळीकुट्ट झाली. हे सरपंचांना दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं. त्यांचंही खाचर पुढच्या खांबाखाली होतं. ते बघायला गेले, तर तिथलाही तुकडा हिरवाच होता; परत येऊन त्यांनी सभा बोलावली. त्याच सभेत ठराव झाला: शेतालगतच्या सगळ्या दिव्यांना पत्र्याची टोपी. पाहुण्यांना काय वाटेल, हे कुणीही विचारलं नाही.

खाचराचा तो तुकडा उशिरा निसवला आणि बराचसा उंदरांनी खाल्ला. डॉक्टरांनी मात्र पुढच्या खेपेला यजमानांची गोळी कमी केली.

टोप्यांचंही उद्घाटन झालं, या वेळी शहाणपणाने संध्याकाळी. तेच पाहुणे आमच्या खांबाखाली उभे राहून पिकाच्या आरोग्यावर बराच वेळ बोलले. माणसांचा विषय निघाला नाही. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. आता वळणावर त्याचा फ्लेक्स लागलाय. त्यात पाहुण्यांच्या खांद्यामागे, खाटेवर, दोन तळपाय दिसतात.