फुगा रिकामा होईना

आमच्या घरात माझ्या धंद्याचं नाव कोणी घेत नसे. ऐंशीच्या सुमारास लकडगंजातल्या शेडमध्ये मी लघवीच्या नळ्या बनवायचो. बायको पाहुण्यांना ‘रबराचं सामान’ एवढंच सांगायची. मला मात्र नळीच्या टोकावरच्या फुग्याचा भारी गर्व. नळी आत गेली की फुग्यात पाणी भरायचं, म्हणजे ती मूत्राशयात अडकून राहते, निसटत नाही. परदेशी नळ्या कापून, रबराचे थर पातळ-जाड करून पाहत तो मी जमवला होता. फुगे भरून रात्रभर टेबलावर ठेवायचे. सकाळी गळला नाही तो पास. येईल त्याला फुगवून दाखवायचो. शेजारचा लाकूडवालाही त्यातून सुटला नाही.

एके दिवशी इस्पितळातून डॉक्टरांचा निरोप आला, की तुमचा फुगा रिकामा होत नाही, येऊन बघा.

खाटेवर खेड्यातला एक म्हातारा होता. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, घरी जायला अगदी तयार. पिशवी भरून बायको पायथ्याशी उभी. नळी तेवढी निघत नव्हती. डॉक्टरांनी सिरिंजने ओढून पाहिलं, थेंब येईना. फुग्यात पाणी जायची बारीक वाट नळीच्या भिंतीतच असते. इतके दिवस अंगात राहून ती आतून चिकटली होती. टेबलावर रात्र काढलेला फुगा पंधरवडाभर शरीरात राहिल्यावर उतरेल का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. सगळी अक्कल फुगवण्यातच खर्च झाली होती.

डॉक्टरांनी नळीचं तोंड कापलं आणि त्या वाटेतून बारीक तार सरकवायला घेतली. म्हातारा दात आवळून पडून होता. मला चादरीकडे बघवेना. बऱ्याच वेळाने पाणी टपकलं, फुगा उतरला, नळी बाहेर आली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे होऊन मी सांगितलं, की ही नळी मी बनवली, दोष तिचाच आहे, मला माफ करा. आता हा शिव्या देईल असं वाटलं. द्याव्यात असंही वाटत होतं.

तो धडपडत उठून बसला, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

“तुमची नळी कायले खराब राहीन जी साहेब? माह्यंच मूत खराब असन.”

बायकोनेही मान डोलावली, आणि साहेब केव्हाचे उभे आहेत, जरा सरका, असं त्याला म्हणाली.