माझ्या टाक्यांचे टायर

आमच्या सायकल क्लबात मुलांना हलके टायर आणि मुलींना जड, असा कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. क्लब चालवणाऱ्या सरांच्या तोंडात होता, आणि सरांच्या तोंडातून निघालेलं सगळं त्या काळी आम्ही निमूट मान्य करायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात एखादी मुलगी शर्यतीची सायकल चालवते म्हटलं की लोक आधी तिच्या वडिलांकडे बघायचे. माझे वडील गांधीबागेत शिंपी होते. लग्नसराईत त्यांना मान वर करायलाही फुरसत नसायची, त्यामुळे लोकांचं बघणं वायाच गेलं.

हलके टायर म्हणजे ट्यूब्युलर. साध्या टायरमध्ये ट्यूब नुसती घातलेली असते. यात ती कापडी टायरच्या पोटात चक्क शिवून टाकलेली असते, त्या शिलाईवर एक पट्टी, आणि अख्खा टायर चपड्याने, म्हणजे लाखेने, रिमवर चिकटवलेला. एकदा एका मुलाची सायकल त्याच्या नकळत घेऊन मी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या होत्या. उतरल्यावर माझी स्वतःची सायकल मला पोत्यात पाय घालून पळल्यासारखी वाटायला लागली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्या हिवाळ्यात राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत आमच्याच गावात होती. काटोल रोडने पंधरा मैल जायचं, तेवढंच परत यायचं. मुलींमधल्या पहिल्या दोघी संघात जाणार होत्या. बाहेरगावच्या मुली ट्यूब्युलरवर येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्या दोघींमध्ये यायचंच होतं, आणि जड टायरवर ते जमणार नाही हेही मला पक्कं कळत होतं.

क्लबाच्या खोलीच्या टिनाखालच्या माळ्यावर पंक्चर झालेले नऊ ट्यूब्युलर पडून होते. असा टायर पंक्चर झाला की टाके उसवायचे, ट्यूब बाहेर काढून तिला ठिगळ लावायचं आणि पुन्हा शिवायचं. मुलांना सुई धरता येत नव्हती आणि शिकायची लाज वाटत होती. पंक्चरवाले तर हातच लावत नसत. म्हणून ते माळ्यावर.

"सर, यातले दोन मले पाहिजेत," मी म्हटलं.

"काहून? झोका बांधते का वं?"

"शर्यतीले."

"फुटके आहेत ते. कोण शिवून देईन तुले?"

"मीच शिवीन."

मुलं खदाखदा हसली. सरही हसले. "ने बाप्पा. पण रस्त्यात बसली तर रडत येऊ नको."

मी नऊच्या नऊ टायर पिशवीत कोंबले आणि वडिलांच्या दुकानावर नेऊन ओतले. शाळेपासून मी तिथे हातशिलाई करत आले होते. हुक, काज, तुरपाई. मुलं टायर निवडताना नख रुतवून रबर बघायची. ज्याचं रबर जाड, तो टायर भारी. त्या ढिगात एक असाच होता, काळाभोर, जवळजवळ नवा. मी तोच आधी उचलला. वडिलांनी तो माझ्या हातून घेतला, कानाशी धरला आणि दोन्ही हातांनी ताणला. टायर बारीक कुरकुरला.

"कुजलं हे कापड," ते म्हणाले. "टिनाखाली भाजलं. फेक."

मग मला समजलं की रबर हे वरचं सोंग आहे, टायर म्हणजे कापड. कापड मला कळत होतं. एकेक टायर कानाशी धरला, बाजू चिमटीत चोळल्या, वीण उजेडात पाहिली. दोनच जिवंत निघाले. एक रेशमी, रबर झिजून पातळ झालेला, पण सूत असं की गांधीबागेतला कुठलाही व्यापारी त्याला नावं ठेवू शकला नसता. दुसरा सुती, भरड, एका बाजूला चिरलेला. रेशमी पुढच्या चाकाला ठरवला. सुती टिकाऊ, म्हणून त्याची चीर शिवून तो मागे, कारण अंगाचा भार मागे पडतो. दोघांची जोडी विजोड दिसत होती. दिसू दे, म्हटलं.

टाके मी झकास घातले. बारीक, सारखे, आणि गाठ आत. आमच्या दुकानात गाठ बाहेर दिसली तर वडील ब्लाउज तोंडावर फेकायचे. शर्यतीला आठ दिवस असताना सरावाला गेले आणि सातव्या मैलावर मागचा टायर बसला. काटा नाही, खिळा नाही. सायकल हातात धरून चालत आले. वाटेत क्लबातली मुलं शेजारून गेली. एकाने तोंडाने शिलाई मशीनचा आवाज काढला. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडले असते तर मी मलाच माफ केलं नसतं.

दुकानावर टायर उसवला. ट्यूबला भोक होतं ते नेमकं माझ्या गाठीखाली. वडिलांनी चष्मा वर केला.

"अवं, आतमंदी ट्यूब आहे ना. तिले टोचन ना गाठ."

इतकी वर्षं गाठ लपवत आलेल्या हाताला ते सुचलंच नव्हतं. लाजेने माझे कान तापले. मग लाज ओसरली आणि नुसता राग उरला. सगळे टाके काढले आणि पुन्हा घातले, या वेळी प्रत्येक गाठ बाहेर, तिच्यावर जाड कापडाची पट्टी. वडिलांनी तीन वेळा उलटून पालटून बघितलं. त्यांच्या डोळ्यांना ते खुपत असणार.

शर्यतीच्या सकाळी काटोल रोड गार होता. संत्र्यांचे ट्रक आणि बैलगाड्या चुकवत, मधून मधून फिरत्या चाकावर तळहात हलकाच टेकवून टायरला चिकटलेले सराट्याचे काटे झाडत मी गेले. परतताना शेवटच्या मैलात बाहेरगावची एक माझ्या पुढे होती आणि बाकीच्या मागे. तिला काही मी गाठू शकले नाही. पण दुसरी आले. संघात आले.

सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मग खाली वाकून त्यांनी माझे टायर दाबून पाहिले आणि म्हणाले, "मस्त केले तू. आता हे पोरांच्या चाकाले लागतीन. संघात जाताना तुले साधे देतो."

"मी काहून साधे घेऊ?"

"टायर क्लबाचे आहेत ना वं."

ते खरं होतं. म्हणूनच अंगाची लाही लाही झाली. तीस मैलांत आलं नसेल इतकं पाणी डोळ्यांत आलं. मी तिथेच मातीत बसले. मागचं चाक काढून मांडीवर घेतलं, हवा सोडली. तिचा आवाज ऐकून सगळे वळले. अंगठ्यांनी टायर रिमवरून सोलला, पट्टी ओढून काढली आणि दुरुस्तीच्या पिशवीतलं अर्धं ब्लेड हातात घेतलं.

"हे काय करून राहिली वं?"

"टायर क्लबाचे आहेत, सर. टाके माहे आहेत. तेवढे घेऊन जाते."

आणि मी उसवायला सुरुवात केली. एक टाका, दोन टाके. एकेक दोरा झटकून बाजूला ठेवत होते. मशीनचा आवाज काढणारा तो मुलगा पुढे सरकून बघत होता. टायरच्या पोटातून ट्यूब बाहेर डोकावली.

"थांब," सर म्हणाले. "शिव परत."

"कोणासाठी?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. वाचवणारं कोणी नव्हतं.

"तुह्यासाठी. तूच ने हे टायर."

मी दोरा ओवला. रागाच्या भरात तीनदा चुकला. मग सरांना म्हटलं, टायर धरा. त्यांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी टायर धरला. मी सावकाश शिवलं, मुद्दाम सावकाश, कारण बाहेरगावच्या मुलीही बघायला आल्या होत्या. शेवटच्या टाक्याला सर हळूच म्हणाले, "गाठ आत काहून नाही घेत?"

"आत टोचते," मी म्हटलं, गाठ बाहेर मारली आणि दोरा दातांनी तोडला.