थिनरचा वास

रंग फवारायचा एअरब्रश पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा धूळ नको म्हणून मी गारखेड्याच्या फ्लॅटमधल्या खोलीची खिडकी लावून घेतली होती. बोटाएवढ्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरवर लाल रंग इतका सुरेख बसत होता, की खोलीत थिनरचा वास कोंडलाय हे कळलंच नाही. डोकं जड झालं म्हणून वर पाहिलं, तर आई दिवा लावायला त्याच खोलीतल्या देवघरापाशी आलेली. काडी पेटीवर टेकलेली.

“आई, थांब.”

“काय झालं रं?”

मी काडी काढून घेतली, खिडकी उघडली आणि तिला बाहेर नेलं. थिनरची वाफ ठिणगीनं भडकते, हे ऐकून ती माझा हात धरून बसली.

आता मी गच्चीवर रंगवतो. तिथंही आधी आई कुठं आहे ते बघून येतो.