हजेरीपटातली थंडी

दि. १२ नोव्हेंबर १९८३, सोळा रुपये पन्नास पैसे. पाथरीजवळच्या ज्या कापसाच्या जिनिंगात मी हजेरी कारकून होतो, तिथल्या सिताराम हमालाच्या आठवड्याच्या मजुरीतून मी एवढे कापले. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तो दुपारीच काम टाकून बसला होता. अर्ध्या दिवसाचे साडेपाच.

सिताराम मूळचा चुडाव्याचा, पस्तिशीचा. नऊ हंगामांत त्याचा एकही खाडा माझ्या पटात नव्हता. त्या आठवड्यात मात्र दुपारी एकच्या सुमारास त्याला थंडी भरायची. दात वाजू लागले की तो रुईच्या ढिगात गळ्यापर्यंत शिरायचा. तासाभराने अंग तापायचं, मग घामाने सदरा निथळायचा. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या बरोबरीने गाठी उचलायचा. म्हणूनच कोणाचा विश्वास बसेना. मुकादम किशनराव म्हणाले, "तुझा हिवाळा दिवसाआड येतो काय रं?" सगळे हसले. मीही हसलो.

सोमवारी पुन्हा तेच झालं. किशनरावांनी नाव कमी करायला सांगितलं. सिताराम कुडकुडत माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, उद्या मी बरा ऱ्हातो. तुमीच बघा की पटात. नाव नका काढू."

मी पट न बघता नाव काढलं.

गुरुवारी हिवताप खात्याचा कर्मचारी आला. काचपट्टीवर रक्त घेत तो गावोगाव फिरायचा. कोणाला थंडी वाजते का, असं त्याने विचारलं. मी पट पुढे केला. सितारामच्या ओळीतल्या चार अर्ध्या दिवसांवर त्याने बोट ठेवलं.

"मधल्या दिवशी बरा असतो, हीच हिवतापाची ओळख. गोळ्या आहेत माझ्याकडं. कुठं आहे हा?"

आम्ही झोपडीवर गेलो. सितारामची बायको कडूबाई त्याच्या अंगावर दोन वाकळा आणि वर पोती घालून बसली होती. आदल्या दुपारची थंडी गेली होती, पण या वेळी ताप उतरलाच नव्हता. तो तिला ओळखत नव्हता. जीपने परभणीला नेलं. शुक्रवारी पहाटे तो गेला. कडूबाई भावाकडे निघून गेली.

तेव्हापासून पट भरला की मी आधी खाडे कोणकोणत्या दिवशी पडले ते बघतो. आता निवृत्तीला चार महिने उरलेत.

त्या सोमवारी सिताराम दुपारपर्यंत राबला होता. नाव काढल्यामुळे ती मजुरी निघाली नाही. साडेपाच रुपये देणे आहे.