म्हसोबाचा बोकड

आमच्या बांधाशेजारचा माणूस कोयत्यानं मारला गेला आणि पोलिसांनी माझ्या थोरल्या भावाला धरलं. आदल्याच दिवशी दोघांचं बांधावरून वाजलं होतं, त्यात दादाच्या धोतरावर रक्त. दादा म्हणाला, बैलाचं शिंग मोडलं, त्याचं आहे. अरे देवा! बैल गोठ्यात उभा, दोन्ही शिंगं शाबूत, अख्ख्या निघोजे गावानं पाहिलेली. त्या थापेनंच तो बुडाला. पुण्याच्या कोर्टानं फाशी सुनावली.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. पाण्याला निघायची आणि हंडा घरीच विसरायची. एकदा भाकरी करपली, तशी आई पदर तोंडात कोंबून रडायला लागली आणि सगळं बोलली. दादाचा मुलगा तापानं फणफणला होता, तेव्हा तिनंच म्हसोबाला बोकड बोलला होता. आणि आमचं घर माळकरी! आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, गळ्यात तुळशीची माळ. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून दादानं शेजारगावच्या मुलाण्याला बोकड कापायला बोलावून लांब रानात गुपचूप नवस फेडला. खून झाला त्या दुपारी तो तिथं बोकडाचे पाय धरून बसला होता. धोतरावरचं रक्त ते.

"मग कोर्टात का न्हाई बोललीस?"

"त्यानं लेकराची शपथ घातली व्हती. आबा अन्न सोडतील म्हनला. आन् मला वाटलं, खरं हाय, सुटंलच."

"खरं काय आपल्या पायानं कोर्टात चालत जातंय व्हय?"

मी एवढी ओरडले, की आबाच दारात येऊन उभे राहिले. मग मी त्यांच्यासमोर सगळं ओकले. शपथ आईला होती, मला नव्हती.

आबांनी मुंडासं गुंडाळलं आणि तडक मुलाण्याचं घर गाठलं. मीही मागोमाग, राहवतंय कुठं! मुलाणी हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमच्या अब्रूपायी गप बसलो. कोर्टात कुणाचा बोकड म्हणून सांगू?"

"माझ्या घरचा," आबा म्हणाले.

वकिलानं मुंबईला हायकोर्टात अपील केलं, नवा पुरावा घ्या म्हणून अर्ज दिला. मुलाणी बोलला, प्रसादाचा वाटा मिळालेले गुराखी बोलले. निकाल येईपर्यंत मी घर ते सडक, सडक ते घर एवढ्या खेपा घातल्या, की आई म्हणाली, "बाई, भुईला तरी इसावा दे."

दादा निर्दोष सुटला. चाकणला गाडीतून उतरून घरापर्यंत चालत आला आणि आबांच्या पायांवर पडला.

"मला सांगायचं व्हतंस," आबा म्हणाले. "मी काय तुला गिळलं असतं व्हय रं?"

दादानं मान वर केली नाही. "आबा, फाशीपेक्षा तुमचंच भ्या जास्त वाटलं."

आबा मटकन भुईवर बसले, त्याच्या शेजारीच. मला केवढं बोलायचं होतं, पण दोघांतल्या कुणाला आधी झाडावं तेच समजेना.