अक्काच्या रुपयाचा निकाल

जुन्या नाण्यांचं वेड आमच्या ह्यांना, आणि त्या वेडाचा ताप मला. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, पहाटे फिरायला जातात. आमचे हे भिंग घेऊन खिडकीशी बसतात. तेवढ्यावर भागत होतं तोवर मी काही बोलले नाही. पण मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपात ह्यांना कळलं, की नाण्यांनाही आता मार्क मिळतात. नाणं कंपनीकडे पाठवायचं, तिथले तज्ज्ञ खरं की खोटं ते बघणार, किती झिजलंय ते बघणार, सत्तरपैकी मार्क देणार आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवणार. फी अशी, की तेवढ्यात दुसरं नाणं यावं.

"सत्तरपैकीच का? शंभरपैकी का नाही?" मी विचारलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलंय, मला असले प्रश्न पडतात.

"तशी पद्धत आहे," हे म्हणाले. ह्यांच्याकडे उत्तर नसलं की पद्धत असते.

पुढे ह्यांनी एकच नाणं आधी एका कंपनीकडे आणि मग डबी फोडून दुसरीकडे पाठवलं. एकीनं त्रेसष्ट दिले, दुसरीनं अठ्ठावन्न. मला काय हसू आलं! म्हटलं, "अहो, बोर्डाचे पेपर मीही तपासलेत. जेवणाआधीचा गठ्ठा वेगळा आणि जेवणानंतरचा वेगळा. तुमचे तज्ज्ञ जेवत असतीलच की." त्यावर हे दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी चहा मात्र मागून घेतला.

ही थट्टा चालली असती अशीच, पण मध्ये अक्का आली. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, ताडकळसला दिलेली. भाऊबीजेला परभणीला आली होती. जेवताना हे कौतुकानं डब्या दाखवत होते आणि ती नुसती हं हं करत होती. पण "खरं की खोटं ते छापून देतात" म्हटल्याबरोबर तिचा हात ताटात थांबला.

"निजामाच्या रुपयाचं बी सांगतेत?"

तो रुपया घरात सगळ्यांना माहीत. चारमिनारवाला, चांदीचा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, अक्काच्या लग्नात तिच्या ओटीत घातला होता. त्यांच्या आईची आठवण म्हणून. अक्काच्या सासूनं तो तिथंच मांडवात फरशीवर आपटून पाहिला आणि चार बायकांदेखत म्हणाली, "वाजंना की! खोटा हाय ह्यो. इवायानं फसवलं आमाला." झालं. तेव्हापासून दूध नासलं तरी अक्का खोट्या रुपयासंगं आलेली, आणि म्हैस आटली तरी तीच. आप्पा त्या घरी नंतर कधी जेवले नाहीत. सासू जाऊन कैक वर्षं झाली, पण ते बोलणं काही त्या घरातून गेलं नाही. सुनाही आता हसत हसत म्हणायच्या.

पुढच्या खेपेला अक्का रुपया घेऊन आली. रुमालाची गाठ सोडली आणि ह्यांनी कपाळावर हातच मारला. रुपया लखलख करत होता!

"अक्का, काय केलंस हे?"

"काय केलं? चिंच लावली, रांगोळीनं घासला. दर लक्ष्मीपूजनाला घासते की मी. आता परगावी पाठवायचा म्हणून आणीक जरा जोर लावला. घरातली वस्तू काय मळकी पाठवावं लोकाच्या दारी?"

जुन्या नाण्यावरचा काळेपणा ही त्याची कमाई असते, घासलं की मार्क जातात, असं हे तिला समजावत राहिले. अक्काला ते पटेना. मलाही खरं सांगायचं तर पटलं नाही. आमच्याकडे चांदी काळी दिसली तर बाईला नावं ठेवतात.

पण मला भीती दुसरीच वाटत होती. रात्री ह्यांना म्हटलं, "पाठवू नका. एका नाण्याला दोन मार्क देणारी माणसं ही. त्यांची तोंडं आपण पाहिली नाहीत. उद्या घाईगर्दीत खोटा म्हणाले, तर अक्कानं काय करायचं?" हे उठून अक्काला तेच सांगायला गेले. एरवी कंपनीची बाजू किती हिरिरीनं घेतात! पण अक्का ऐकायला तयारच नव्हती. रुपया कुरिअरनं गेला.

मग रोज ताडकळसहून फोन. "आला का निकाल?" दहावीच्या पोरांचे आईबाप बरे, असं झालं मला. मी तिला चिडवायची, "अक्का, पेढे सांगून ठेवू का?" ती हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

डबी आली. आत रुपया, वर लिहिलेलं: अस्सल. खाली: घासलेलं, गुण नाहीत. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. फोनवर म्हणाले, "अक्का, मार्क नाही मिळाले गं."

"खरा हाय म्हणले का?"

"हो, खरा आहे."

"मंग मार्काला काय जाळायचंय?" अक्का म्हणाली, आणि फोनवरच रडायला लागली. मीही रडले. एवढी थट्टा केलेल्या त्या कंपनीला मी त्या दिवशी मनातून हात जोडले.

रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवर ताडकळसला डबी घेऊन गेलो. अक्कानं ती सुनांना दाखवली, शेजारणीला दाखवली. शेवटी दाजींपुढे, म्हणजे आपल्या मालकांपुढे, धरली. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "बघा. खरा हाय."

दाजींनी चष्मा लावला, डबी उलटीपालटी केली. म्हणाले, "मला म्हाईत हाय. लग्न झाल्या झाल्याच पूर्णेच्या सोनाराला दाखिवला होता मी. अस्सल चांदी हाय म्हणला."

अक्का त्यांच्यासमोर ओट्यावर बसली. "मंग बोलला न्हाईत?"

"आईला कोण सांगावं? आन तुला काय सांगायचं त्यात? बाप तुझा. तुला तर म्हाईतच होतं, खरा हाय म्हणून."

अक्कानं डबी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पदरानं पुसायला लागली.

"न्हाई," ती म्हणाली. "मला बी वाटायचं, आप्पांनी खोटाच दिला आसंल."